दर रविवारी मरणारे उसामीसान

दर रविवारी संध्याकाळी सात ते साडेसात या वेळात उसामीसान मरत असत, आणि हातातल्या जेवणाच्या काड्या हातातच धरून, वाटीतला भात निवू देऊन, सगळ्या जपानातली पोरं ते बघत असत. कधी ते जळून मरत, कधी दरीत कोसळून, कधी अंगावर वीज पडून. एकदा तर बर्फात बसल्या बसल्या, कुणी मारायला येण्याआधीच, कंटाळा आल्यासारखे गेले. पुढे ते खरोखरचे गेले तेव्हा मी उशाशी होते, आणि खरं सांगायचं तर ते मरण त्यांना काही विशेष साधलं नाही. टीव्हीवरची मात्र एकेक बावनकशी.

मालिकेचं नाव 'गगनदल'. तोक्योचं ऑलिम्पिक होऊन दोन वर्षं झाली होती. घराघरात टीव्ही आले होते आणि त्यात दाखवायला काही नव्हतं, अशा दिवसांत ती निघाली. दुसऱ्या ग्रहावरून, समुद्राच्या तळातून, नाहीतर कुठल्याशा ज्वालामुखीतून दर आठवड्याला एक राक्षस निघणार, तोक्यो नाहीतर ओसाका तुडवणार, आणि शेवटच्या तीन मिनिटांत गगनदलाची पाच देखणी पोरंपोरी विमानातून किरण सोडून त्याला संपवणार. त्या पाच जणांची नावं पडद्यावर ठसठशीत यायची. राक्षसाच्या आत कोण आहे ते कुठेही लिहिलेलं नसायचं. आत माणूस आहे हे मुलांना कळता कामा नये, असा आमच्याकडे दंडकच होता.

मी होते रबरखात्यात. राक्षसाचं कातडं चिकटवायचं, रंगवायचं, आणि उसामीसानना त्यात भरायचं हे माझं काम. 'भरायचं' हाच शब्द बरोबर. पाठीवरच्या काट्यांच्या रांगेखाली चेन लपवलेली असे. ती आतून उघडता यायची नाही. राक्षसाचं डोकं माणसाच्या डोक्याच्या वर, त्यामुळे आतल्या माणसाने बघायचं ते राक्षसाच्या गळ्याला पाडलेल्या बोटभर फटीतून. वरून स्टुडिओचे दिवे रखरखत असत. थोडं काम झालं की मी चेन उघडायची, त्यांना ओढून बाहेर काढायचं आणि बूट उपडे करायचे. नळ सोडावा तशी घामाची धार लागायची. उसामीसान तिच्याकडे बघून म्हणायचे, "तात्सुएचान, भात लावायला पुरेल की नाही?"

मालिका सुरू झाली तेव्हा या कामावर एक तरणाबांड कुस्तीगीर ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी दुपारचं जेवण आटोपून तो जो गेला, तो परत आलाच नाही. मग कुणीतरी कुणाच्या ओळखीने या किडकिडीत, पन्नाशी उलटलेल्या माणसाला घेऊन आलं. आमचे दिग्दर्शक कुरुशिमासाहेब वयाने त्यांच्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान, पण रागाने मोठे. त्यांनी उसामीसानना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "राक्षस मागवला होता, वाळलेला मासा कशाला आणलात?"

"वाळलेला मासाच टिकतो, साहेब," उसामीसान म्हणाले.

आणि टिकले. दर आठवड्याला नवा राक्षस उभा करायला आमच्याकडे ना तेवढी माणसं होती ना तेवढा वेळ. म्हणून एकच धड आम्ही घासून घासून वापरत असू. शिंगं काढायची, पंख लावायचे. पंख काढायचे, हिरवा रंग मारायचा. धड तेच, आतला माणूसही तोच. तरी एका राक्षसाची चाल दुसऱ्यासारखी नसायची. डोंगरातला राक्षस पाय उचलून टाकायचा, कारण त्याला दगडांची सवय. समुद्रातला पाय ओढायचा. हे कुणी लिहून दिलेलं नसे. मला तर त्या चालीवरूनच पुढचे रंग सुचायचे.

मरण हा त्यांचा खास विषय. "आधी गुडघा," ते मला समजावायचे, कारण शेपटीची तार ओढायचं काम माझ्याकडे असे. "मग मान. शेपूट सगळ्यात शेवटी. मी पडलो तरी तू घाई करू नकोस. शेपूट लांब असते, तिला बातमी उशिरा कळते." मी तशी ओढायचे. सगळं निपचित झाल्यावर एकटी शेपूट जरा उचलली जायची आणि हळूच खाली यायची, आणि कॅमेऱ्यामागचे दाढीवाले दांडगे गडी नाक शिंकरायला लागायचे.

हे सगळं कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. आम्ही तामा नदीच्या अंगाला, स्टुडिओमागच्या शेताच्या बांधावर बसलो होतो. ते कमरेपर्यंत राक्षस होते आणि वर बनियन.

"शिकतोय कशाला. मी पोरं जमवायचो."

म्हणजे ते कामिशिबाईवाले होते. सायकलच्या मागे लाकडी पेटी, पेटीत चित्रांच्या पाट्या. गल्लीच्या तोंडाशी दोन काठ्या एकमेकींवर आपटायच्या, पोरं धावत यायची. काडीवर गुंडाळलेला चिकट गोड पाक विकायचा, तो घेतला की पुढे बसायचं, आणि मग एकेक पाटी सरकवत गोष्ट. ज्याच्याकडे पाकाला पैसे नसतील त्याने मागे उभं राहायचं. लढाईनंतरच्या वर्षांत मागे उभी राहणारीच जास्त. उसामीसान त्यांच्यावर मोठमोठ्याने ओरडायचे, "फुकटे कुठले, हटा!" आणि ओरडता ओरडता पेटी सायकलवर आणखी वीतभर उंच करायचे, म्हणजे मागून दिसावं. ही उंच करण्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही. त्यांच्या बायकोने, कोमेसानने सांगितली, तीही तक्रार म्हणून.

आणि गोष्ट कधी पुरी करायची नाही. राक्षसाने तोंड उघडलंय, राजकन्या कड्यावरून लोंबकळतेय, पोरांच्या तोंडातला पाक तोंडातच राहिलाय, की पाटी मागे सरकवायची, पेटीची दारं लावायची आणि पाठ करून निघून जायचं. एकदासुद्धा मागे वळून बघायचं नाही. सगळ्याच कामिशिबाईवाल्यांची ही रीत. पोरं दुसऱ्या दिवशी येतात ती त्याच्यामुळे.

"मग बंद का केलंत?"

"मी कशाला बंद करतोय? पोरंच यायची बंद झाली. एका गल्लीत टीव्ही आला, ती गल्ली गेली. दुसरीत आला, ती गेली. शेवटी एकदा सेंजूच्या पुलाखाली काठ्या वाजवत बसलो, तर समोर एक मांजर. तेही पाक खाईना."

"अगंबाई. मग?"

"मग म्हटलं, पोरं त्या पेटीत गेली ना? चला, आपणही पेटीत जाऊ."

मी हसले. ते हसले नाहीत. बांधावरचं गवत उपटत म्हणाले, "पण आतून बाहेरचं दिसत नाही गं. समोर कॅमेऱ्याचा एकच डोळा, तोही पापणी हलवत नाही. मी मरतो, पण कुणी तोंडाचा आ केला, कुणी डोळे झाकले, काही कळत नाही. आता पोरं आपापल्या घरात बघतात. मी काय लोकांच्या खिडक्यांतून डोकावू?"

तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बावीस वर्षांची होते. मला वाटायचं, माणसाला काम असलं, दोन वेळचं जेवण असलं की झालं.

कामाची गोष्ट निघालीच होती. पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा वरून निरोप आला की गगनदल पुढच्या वर्षीही चालणार. सगळ्या खात्यांत आनंदीआनंद. पण वरच्यांना राक्षस जास्त दांडगा हवा होता. विमानावर उड्या मारणारा, गगनदलाशी कुस्ती खेळणारा. त्यासाठी एक तरणा पैलवान त्यांनी हेरूनही ठेवला होता. कुरुशिमासाहेब आमच्या खोलीत आले, रबराच्या ढिगावर बसले आणि उसामीसानना म्हणाले, "म्हातारबा, मी तुमच्यासाठी भांडून आलोय. म्हटलं, माझा माणूस एका झटक्यात काम देतो, दुसरा टेक मागत नाही. शेवटच्या भागाकडे त्यांचं लक्ष आहे. हे एक मरण नीट मरा. नीट पडलात की पुढचं वर्ष तुमचं. नाही पडलात तर मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि तुम्हाला काम नाही."

"नीट पडेन," उसामीसान म्हणाले आणि खाली वाकले. शब्द दिला म्हणजे दिला, असं त्यांचं होतं.

कोमेसानलाही ते कळलं. त्या दिवशी डबा हातात देताना म्हणाली, "नीट मरा हो. पुन्हा ती पेटी घेऊन सेंजूच्या पुलाखाली बसलात, तर मी त्या मांजराबरोबर निघून जाईन."

शेवटच्या भागातल्या राक्षसाचं नाव नुमागोन. धड आमचं तेच, जुनं. डोकं मात्र नवं, जरा दुःखी चेहऱ्याचं. ते मी केलं होतं. नुमागोन दलदलीत राहणारा, त्याची दलदल बुजवून तिथे बंदर बांधलेलं. म्हणून तो येतो आणि बंदर मोडतो, आणि गगनदल त्याला मारतं. बंदर बांधायला छोट्या घरांच्या खात्याला महिना लागला होता. पातळ प्लास्टरची गोदामं, काडेपेटीएवढ्या मालमोटारी, कपडे वाळत घातलेले मासेमारांचे सज्जे. त्यापलीकडे मोठ्या हौदात समुद्र आणि त्यात रंगवलेलं जहाज. एकदा तुडवलं की संपलं. दुसरा टेक नाही.

सकाळी मी उसामीसानना भरत होते. पाय गेले, हात गेले. तेव्हा मी सांगितलं, "आज बघायला पोरं येणार आहेत."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. "कुठली पोरं?"

"कॅरमेलवाल्यांची." आमची मालिका ज्या कॅरमेलच्या कारखान्याच्या पैशावर चालायची, त्यांनी वेष्टनं पाठवणाऱ्या मुलांत सोडत काढली होती. "साहेबांना कालच कळलं. वैतागलेत. तुम्ही राक्षसात शिरायच्या आधी एकही पोर आत सोडायचं नाही, आणि सगळी बाहेर गेल्याशिवाय तुम्हाला काढायचं नाही, असं बजावलंय."

"कुठे बसणार?"

"कॅमेऱ्याच्या शेजारी, बाकांवर."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. म्हणाले, "तात्सुएचान, ती गळ्याची फट जरा कातर ना."

"का?"

"कातर म्हणतोय ना."

मी कात्रीने दोन्हीकडून थोडी वाढवली. मग चेन लावली.

मुलं आली. गावागावांतून आलेली, नवीन बूट घातलेली, शिक्षकांनी दम दिल्यासारखी चूप. त्यांनी बंदराकडे बघितलं आणि मग मागे उभ्या असलेल्या नुमागोनकडे, आणि एकदम इतकी शांतता झाली की दिव्यांची गुणगुण ऐकू यायला लागली. एक छोटी मुलगी शेजारणीच्या मागे लपली. कुरुशिमासाहेबांनी हात वर केला, कॅमेरा घुरघुरायला लागला.

असं तुडवलेलं मी वर्षभरात बघितलं नव्हतं. उसामीसान गोदामं मोडत नव्हते, शोधत होते. एकेक छप्पर उचलून खाली आपली दलदल आहे का बघत होते, नाही म्हणून टाकून देत होते. विमानं आली, किरण आले, छातीवर ठिणग्या उडाल्या. आग लागली. मागची गोदामं ठरल्याप्रमाणे धडाधड कोसळली. मी तार हातात घेऊन तयार. स्फोटांचं काम बघणारा दारूवाला बटणावर अंगठा ठेवून तयार; नुमागोन आडवा झाला की छातीतला मोठा बार उडवायचा आणि सगळं संपवायचं. नुमागोनचा एक गुडघा टेकला. मान झुकली.

आणि झुकलेली मान मुलांच्या बाजूला वळली.

मी तिथून बाकं बघू शकत होते. पुढची मुलं तोंड उघडं टाकून पुढे कलली होती. मागच्या बाकावर एक जण उभा राहून, टाचा उंचावून बघत होता. लपलेली मुलगी बाहेर आली होती आणि तिने दोन्ही मुठी गालांवर घट्ट दाबल्या होत्या. उसामीसान थांबले. पाटी अर्धी सरकवून हात थांबावा तसे. मला वाटलं, चक्कर आली.

"पडा!" कुरुशिमासाहेब दबक्या आवाजात ओरडले. आवाज नंतर भरायचा असे, त्यामुळे ओरडायला हरकत नव्हती. पण मुलांसमोर नाव घ्यायची चोरी. "पडा ना! अरे... अरे नुमागोन, मर ना रे!"

त्यांनी 'मर' म्हणायला आणि बाकांवरून आरोळी उठायला एकच गाठ पडली. "मरू नकोस! पळ! नुमागोन, पळ!" कॅरमेलवाल्यांचा माणूस मुलांना खाली बसवायला धावला, पण कोण ऐकतंय. सगळी उभी. लपलेली मुलगी सगळ्यात मोठ्याने.

नुमागोन उठला. पाठ वळवली. जळत्या बंदरातून सरळ समोर चालत हौदात उतरला आणि रंगवलेल्या जहाजामागे दिसेनासा झाला. एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही.

कॅमेरा थांबला. मुलं टाळ्या पिटत होती, हात हलवत होती. दारूवाल्याचा अंगठा अजून बटणावर होता. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. ते धड रबराखाली सगळं स्पंजाचं होतं. हौदातलं पाणी पिऊन ते दगडासारखं जड होणार, आणि चेन आतून उघडत नाही. जहाजामागून आवाज नाही, हालचाल नाही. आणि मुलं समोर. त्यांच्या देखत मी हौदात उडी मारून राक्षसातून म्हातारा माणूस कसा काढणार?

मी कॅरमेलवाल्याच्या कानात ओरडले, "बाहेर न्या! आत्ताच्या आत्ता!" तो बिचारा घाबरून "चला, कॅरमेल, कॅरमेल!" करत मुलांना घेऊन गेला. शेवटचं पोर दाराबाहेर पडलं तशी मी कपड्यांसकट पाण्यात. माझ्यामागून दोन गडी. उसामीसान गुडघ्यांवर बसलेले होते आणि गळ्याची फट पाण्याच्या जेमतेम वर धरून ठेवली होती. उठायची ताकद नव्हती. हाक मारता आली असती. मारली नव्हती. चेन उघडून बाहेर ओढले तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि पहिला शब्द काय, तर "पोरं गेली का?"

मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले. रडत होते आणि शिव्या देत होते.

त्यांना कांबळ्यात गुंडाळून बसवलं. कुरुशिमासाहेब आले आणि समोर पालथ्या बादलीवर बसले. ओरडतील असं वाटलं होतं, ते अगदी हळू बोलले. "का?"

"चूक झाली, साहेब."

"चूक म्हणजे पाय घसरतो, म्हातारबा. तुम्ही उठलात, वळलात, चालत गेलात!"

"पोरं समोर होती," उसामीसान म्हणाले. "पोरं समोर असली की आयुष्यभर मी तिथेच थांबवत आलो. अंगाला दुसरं ठाऊकच नाही. तुमच्या शब्दाची आठवण झाली तोवर मी पाण्यात होतो."

"पुढच्या वर्षाचं आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

"ठाऊक आहे. तुम्हाला मी मान खाली घालायला लावली. माझंच चुकलं."

आणि कांबळं बाजूला ठेवून, ओल्या बनियनवर, ते जमिनीला कपाळ टेकून वाकले. मग छोट्या घरांच्या खात्यात गेले, तिथे प्रत्येकासमोर वाकले. दारूवाल्याजवळ गेले. तो पोरसवदा, त्याचा बार उडालाच नव्हता, तो तर रडायलाच आला. स्टुडिओत नंतर पुष्कळ जण म्हणाले की म्हातारा लबाड, राक्षस जिवंत ठेवला म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील असा त्याचा डाव. मी त्या माणसाचे पाय वर्षभर हातात धरून बुटांत घातलेत. डाव टाकायचा तर आधी स्वतःच्या पोटाचा विचार करावा लागतो. ते त्यांना कधी जमलं नाही.

कुरुशिमासाहेबांचा राग मात्र खोटा नव्हता, आणि मला त्यात त्यांची चूकही दिसत नाही. त्यांनी स्वतःची पत पणाला लावली होती. पण चित्रण धुऊन आलं आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत बघायला बसलो तेव्हा त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आमचा कॅमेरा नेहमी वेगात पळवत असत, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि राक्षस अवजड दिसतो. उसामीसाननी मुलांकडे बघितलं ते दोन श्वासांपुरतं असेल. पडद्यावर ती नजर लांबत गेली, लांबत गेली, संपेचना. आणि मुलं कॅमेऱ्याला लागून बसलेली, त्यामुळे नुमागोन थेट आपल्या डोळ्यांत बघत होता. मी स्वतःच्या हाताने केलेलं ते डोकं. त्याचे डोळे काचेचे होते हे मला माहीत होतं. तरी मला नजर खाली करावी लागली. कुरुशिमासाहेब एवढंच म्हणाले, "आहे तसंच जाऊ दे. निवेदन बदला." नाहीतरी नवीन बंदर कोण बांधून देणार होतं?

पुढच्या वर्षी पैलवान आला. चांगला होता, उड्या छान मारायचा. उसामीसान सेंजूच्या एका सार्वजनिक स्नानघरात पाण्याच्या बंबाला लाकडं घालायला लागले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. मी विचारलं की म्हणायचे, "गरमीची सवय आहेच."

पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे त्या रविवारचं, शेवटचा भाग दाखवला त्या संध्याकाळचं. उसामीसानचा पंचा आणि लाकडी चपला आमच्या खोलीत राहिल्या होत्या. त्या द्यायला मी सेंजूला गेले. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. "ज्याने घरातलं अन्न खाल्लं त्याला घरात घेऊ?" असं कोमेसानचं म्हणणं. तिने मुळ्याचं लोणचं आणि चहा पुढे ठेवला. आम्ही तिघं बसलो. दोन्हीकडच्या भिंती पातळ. सात वाजता डावीकडून आणि उजवीकडून गगनदलाचं गाणं एकदमच सुरू झालं. कोमेसानने नवऱ्याकडे बघितलं आणि आणखी लोणचं वाढलं. ते खाली बघून खात होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून हवेचं बोलले.

साडेसातला गाणं पुन्हा वाजलं आणि थांबलं. एरवी रविवारी या वेळेला गल्लीत चिटपाखरू नसतं. कार्यक्रम संपला की पोरं न्हाणीघरात नाहीतर अंथरुणात. त्या दिवशी समोरचं दार खाडकन सरकलं. मग शेजारचं. मग एकामागून एक सगळ्या गल्लीची दारं. पोरं बाहेर, कुणाच्या पायात काही नाही, कुणाच्या हातात अजून जेवणाच्या काड्या.

"मेला नाही! मी सांगत होतो!"

"जखमी झालाय, मरेल समुद्रात."

"काही मरत नाही! त्याची आई आहे तिकडे."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे!"

उसामीसान उठले, मी आणलेल्या चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले. कोमेसान आणि मी दारातून बघत राहिलो. त्या पोरांना ते शेजारचे एक म्हातारे काका, एवढंच. ते घोळक्याच्या कडेला, जरा मागे उभे राहिले.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

एका दात पडलेल्या मुलीने त्यांच्याकडे कीव करून बघितलं. "तुमच्याकडे टीव्ही नाही ना, काका? नुमागोनला मारत होते. तो पडणार होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो उठला."

"हॅट! माझ्याकडे बघितलं!" दुसरा ओरडला.

"तुझ्याकडे कशाला? माझ्याकडे!"

"आमच्या घरात बघितलं त्याने! माझ्या आजीने पण सांगितलं!"

"सगळ्यांकडे बघितलं असेल," उसामीसान म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एकटा तो, सगळ्यांकडे कसा बघेल?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला काही कळतच नाही, काका."

"हो गं. खरंच कळत नाही," ते म्हणाले. "मग पुढे काय झालं?"

मग ती सगळी त्यांच्याभोवती जमून एकदम सांगायला लागली. उसामीसान खाली बसले, म्हणजे मागच्यांना त्यांच्या डोक्यावरून दिसावं. एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत होते. गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात त्यांचे गाल ओले दिसत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. कोमेसानने एकदा "चहा निवतोय" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. घराघरांतून आया हाका मारायला लागल्या, एकेक पोर कमी होत गेलं, आणि शेवटच्या पोराला आईने कान धरून आत नेईपर्यंत उसामीसान गल्लीतून हलले नाहीत.